टीव्हीसाठी उत्खननं चित्रित करताना मनात घर करून राहिलेल्या जागा (तुमच्याही सांगा)

खापरवेडी

माझ्या आवडत्या जागांच्या यादीत वेरूळ-अजिंठा नाही, हे आधीच सांगते. त्यांच्यावर माझं प्रेम नाही असं नाही. पण पंचवीसेक वर्षं टीव्हीसाठी माहितीपटांची निर्मिती केल्यावर जे डोळ्यांसमोरून हलत नाही, ते बहुतेक सगळं मातीच्या रंगाचं आहे. कॅमेऱ्यात धड दिसतही नाही. म्हणूनच ते इथे लिहून ठेवावंसं वाटलं.

पहिलं इनामगाव. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजने तिथे खणलं. सांकळिया, अन्सारी आणि धवलीकर ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० एवढा काळ माणसं तिथे नांदली. शंभरावर घरं उजेडात आली. चुली, धान्याची पेवं, बाजूचा बांध आणि पाटही सापडला. जव हे मुख्य पीक. गहू, मसूर, कुळीथ होते आणि बोरंही. महाराष्ट्रातला शेतकरी तीन हजार वर्षांपूर्वी काय जेवत होता, हे ज्या गावाने सांगितलं ते हे गाव.

पण मी थांबते ती रांजणांपाशी. मूल दगावलं की दोन कुंभ घ्यायचे, त्यांची तोंडं एकमेकांना भिडवायची, आत मुलाला निजवायचं आणि ते आडवे पुरायचे. गावाबाहेर नाही, घरातल्याच जमिनीखाली. शेजारी एखादं लहानसं भांडं, वाडगा. पुन्हा जमीन सारवून त्यावरच संसार सुरू. तिथल्या दफनांमध्ये मोठी संख्या लहान मुलांचीच आहे. असे कुंभ मी पहिल्यांदा जवळून पाहिले तेव्हा माझा मुलगा आठ महिन्यांचा होता. कॅमेरामन कोन विचारत होता, आणि मला त्या दोन काठांमधली फट तेवढी दिसत होती. फट राहू नये म्हणून कुणीतरी ते काठ नीट जुळवले होते. त्या हातांचं चित्रण कसं करायचं, हे मला आजही कळलेलं नाही.

मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखाली पाय तोडत. मेलेला माणूस उठून जाऊ नये, किंवा भूत होऊन परत येऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे. एक मात्र वेगळा. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, कच्च्या मातीच्या चार पायांच्या पोटफुगीर रांजणात मांडी घालून बसवलेला. त्याचे पाय शाबूत. गावाचा प्रमुख असावा. शेजारीच सार्वजनिक कोठार असावं असं बांधकाम निघालं, त्यामुळे हा तर्क मला पटतो.

दुसरं, कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छतातली लाकडी कमानपट्ट्यांची रांग. दगडातल्या लेण्याला लाकडी फासळ्यांची गरजच नाही. पण आधीची चैत्यगृहं लाकडाची बांधत, ती सवय दगडात उतरल्यावरही सुटली नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचं ते लाकूड आजही छताला आहे, स्तूपावरची छत्रीही लाकडीच. लोक आत येतात, खांबांवरचे हत्ती पाहतात, स्तूपापाशी उभं राहून फोटो काढतात आणि निघतात. वर बघा हो! दर्शनी भागात वैजयंतीच्या भूतपाल सेठीचा लेख आहे: जंबुद्वीपात उत्तम असं हे शैलगृह त्याने पूर्ण केलं. ते वाक्य वाचून मान वर केली की त्याचा अभिमान किती रास्त होता ते कळतं.

तिसरं, बोरी. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. आपल्या सह्याद्रीचा नव्हे, तो थेट सुमात्रातल्या टोबाचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात काचेचे बारीक बारीक तुकडे दिसतात. त्या थराच्या संगतीत दगडी हत्यारं मिळाली, म्हणून राखेचं वय ठरणं महत्त्वाचं. काही अभ्यासक तिला ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची मानतात, काही त्याहून कित्येक लाख वर्षं जुनी. चिमूटभर राख तळहातावर घेतली होती. फुंकर मारायची हिंमत झाली नाही.

चौथं थोडक्यात. ७९ साली व्हेसुवियसच्या राखेखाली गेलेल्या पाँपेईत १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या अगदी जवळच्या नात्यातल्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे धाराशिवच्या तेरला आणि जालन्याच्या भोकरदनला मिळाल्या आहेत. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एवढ्यासाठी तरी जाऊन या.

तुमच्या मनात कुठली जागा आहे? मोठी, प्रसिद्ध असायला हवी असं नाही.

अळवाचं पान

वाखूसा (वाचनखूण साठवली). रांजणांचा परिच्छेद वाचून बराच वेळ पुढे जाता आलं नाही.

सह्यभटका

ताई, लेख फार आवडला, पण दायमाबाद नाही? हे मान्य नाही. भारतातल्या ताम्रपाषाणयुगाची सगळ्यात देखणी वस्तू आपल्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठी सापडली आणि ती यादीत नाही? मुंबईच्या संग्रहालयात धातूच्या त्या रथासमोर मी लहानपणी तास-तास उभा राहायचो. दोन बैल, मागे उभा सारथी, दांडीवर उभं कुत्रं. शिवाय रेडा, गेंडा आणि हत्ती. टीव्हीवाल्यांनी तर यावर मालिका करायला हवी.

खापरवेडी

सह्यभटका, तुमचं म्हणणं मनापासून पटतं, रथ देखणाच आहे. पंचेचाळीस सेंटिमीटरच्या त्या रथातला सारथी आजही कुठल्याही क्षणी बैलांना हाक देईल असा उभा आहे. चारही वस्तू मिळून साठ किलोंहून जास्त धातू. तांबं सहज मिळत नव्हतं त्या काळात एवढं कुणी, कशासाठी ओतलं असेल!

तरी यादीत का नाही ते सांगते. १९७४ मध्ये या वस्तू एका गावकऱ्याला झाडाचं खोड खणताना सापडल्या. त्या वेळी भोवतीची माती, थर, शेजारची खापरं यांची नोंद करणारं कुणी तिथे नव्हतं. त्याचा यात काडीचाही दोष नाही. पण त्यामुळे काळाचा वाद आजही उभा आहे. देशपांडे, राव, साळी यांनी त्या उत्तर हडप्पाकालीन मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, तसं मिश्रण इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत मिळत नाही, म्हणून त्या पुष्कळ नंतरच्या असू शकतात असं मांडलं. साठ किलोंची वस्तू हाती आहे आणि तिचा पत्ता हरवलाय. इनामगावच्या साध्या वाडग्याला मात्र पत्ता आहे: अमुक घर, अमुक जमीन, चुलीपासून इतक्या अंतरावर. मला पत्ता असलेल्या वस्तू आवडतात.

सह्यभटका

‘पत्ता हरवलाय’ हे कळलं. रथावरचं प्रेम तसंच राहणार, पण पुढच्या वेळी त्याच्यासमोर उभा राहीन तेव्हा हेही मनात असेल.

प्रवराकाठ

मी नेवाशाचा. आमच्या गावाला लोक पैस खांबासाठी येतात, ज्ञानेश्वरांच्या जागेसाठी. ते योग्यच आहे. पण लाडमोड टेकाडाकडे फार कमी जण वळतात.

१९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजचं काम तिथे चाललं, तेव्हा माझे आजोबा मजुरीला होते. रोजगार म्हणून गेले, पण शेवटपर्यंत त्याच गोष्टी सांगत राहिले. माती टोपलीतून थेट फेकायची नाही, आधी चाळायची. खापर ओल्या मातीत असताना ओढायचं नाही. आजीने एकदा अंगणात खड्डा खणला तर आजोबा तिला म्हणाले, ‘एकदम खाली जाऊ नको, वरून वरून काढ.’ ही शिस्त त्यांच्या हातात शेवटपर्यंत राहिली.

नेवाशातली माझी आवडती गोष्ट म्हणजे दोरा. एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तीन हजार वर्षांच्या पुढची गोष्ट. माळ ओवलेल्या दोऱ्याचा तुकडा शिल्लक राहिला, त्यात रेशीम आणि कापूस दोन्ही ओळखता आलं. दोरा टिकतो का कधी जमिनीत? पण तांब्यावर हिरवं जंगाल चढतं, त्याचे क्षार दोऱ्यात मुरतात आणि कुजवणारे जीवजंतू तिथे जगत नाहीत. मण्यांनी दोरा राखला. मध्य पुराश्मयुगातल्या हत्यारांच्या परंपरेला अभ्यासक ‘नेवासियन’ म्हणतात, हे आमच्या शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी आता मुलांना सांगतो.

खापरवेडी

प्रवराकाठ, ‘मण्यांनी दोरा राखला’ हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून घेतलं. आजोबांच्या आठवणी कुठे लिहून ठेवल्यात का? उत्खननांच्या अहवालांत मजुरांची बाजू क्वचितच येते. सगळ्यात आधी वस्तूला हात त्यांचाच लागलेला असतो.

वसईचा बंड्या

आमची जागा सोपारा. रोज नालासोपाऱ्याहून लोकलने जाणाऱ्या माणसाला सांगितलं की स्टेशनापासून थोड्याच अंतरावर अशोकाच्या काळातलं बंदर होतं, तर तो विश्वास ठेवत नाही.

१८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा उंचवटा उघडला. तो निघाला स्तूप. मध्यभागी दगडी पेटी. आत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यांच्या आत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. सोबत यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं.

मला गुंगवतं ते वेगळंच. त्याच पेटीत करंड्याभोवती ब्राँझच्या आठ लहान बुद्धमूर्ती होत्या, आणि त्या नाण्याहून कितीतरी शतकं नंतरच्या आहेत. म्हणजे मध्ये कुणीतरी तो स्तूप उघडला, आतलं सगळं पाहिलं, काहीही न नेता उलट आपल्या मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला. सोनं समोर असताना! त्या माणसांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत. हे सगळं आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्याचाच, आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला मिळाला.

खापरवेडी

बंड्या, हे तू माझ्या यादीत घातलंस. पाच करंड्यांच्या आत सोन्याने जपलेली मातीची खापरं. आणखी काय हवं.

वैदर्भी

पुण्या-मुंबईच्या मंडळींना विदर्भाची आठवण करून द्यावी लागते, ती देते. नागपूरहून काटोल रस्त्याने निघालात की जुनापाणी लागतं. तिथे लोहयुगातली सुमारे तीनशे शिळावर्तुळं, म्हणजे दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्यावर लिहिलं. काही शिळांवर वाटीसारखे कोरलेले खळगे आहेत, बोट फिरवलं की गुळगुळीत लागतात.

माहूरझरीला माणसासोबत घोडा पुरलेला सापडला, त्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने जागच्या जागी होते. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. या लोकांचं राहणं फार कमी ठिकाणी हाती लागतं, मरणच जास्त सापडतं. पण घोड्याला एवढं नटवून सोबत नेणाऱ्या माणसाचा जीव त्या घोड्यात किती गुंतला असेल! मी शाळेत शिक्षिका आहे. दरवर्षी सहावीची मुलं जुनापाणीला नेते. वर्तुळात उभं राहिल्यावर ती आपोआप आवाज खाली आणतात.

कुशावती

गोंयच्यान नमस्कार. माझी जागा उसगाळीमळ. सांगे तालुक्यात, कुशावती नदीच्या काठावर जांभ्या दगडात बैल, हरणं, मोर, माणसं आणि एक मोठा चक्रव्यूह कोरलाय. १९९३ पासून तो अभ्यासकांच्या नजरेत आला, गावच्या लोकांना आधीपासून माहीत होता. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं याच घराण्यातली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या शिल्पांसोबत आमचं हे ठिकाणही गेलं.

खापरवेडीताई, तुम्ही याचं चित्रण केलंय का? मी मोबाइलवर कितीदा प्रयत्न केला, फोटोत नुसता लाल कातळ येतो.

खापरवेडी

कुशावतीबाय, वेळ चुकतेय तुमची. दुपारी कधीच जाऊ नका. ऊन डोक्यावर असलं की खाच आणि कातळ सारखेच उजळतात, रेषा नाहीशी होते. सूर्य उगवल्यावरची पहिली वीस-पंचवीस मिनिटं किंवा मावळतीची. तिरप्या उन्हात प्रत्येक खाचेत सावली भरते आणि बैल उठून उभा राहतो. राजापूर तालुक्यात कशेळीचा हत्ती आम्ही असा घेतला. अठरा मीटर लांब आहे तो, आणि त्याच्या अंगात इतर कितीतरी प्राणी कोरलेत. जमिनीवरून तो कळतच नाही. पहाटे साडेपाचला पोचलो, काळोखात कातळावर बसून राहिलो. ऊन आलं तशी आधी सोंड दिसली, मग पोटातले मासे, मग बाकीचे. फक्त रेषा ठळक दिसावी म्हणून खडू किंवा चुना भरू नका, कुणाला भरू देऊ नका.

टेम्सकाठचा पुणेकर

मी बरीच वर्षं इंग्लंडात आहे. इथलं एक उदाहरण ताईंच्या विषयाला अगदी चिकटून आहे. विल्टशरमध्ये सिल्बरी टेकडी आहे, माणसांनी साडेचार हजार वर्षांपूर्वी रचलेली, चाळीसेक मीटर उंच. आत घोड्यावर बसलेला सोन्याचा राजा आहे अशी दंतकथा. १९६८ ते १९७० मध्ये रिचर्ड ॲटकिन्सन यांनी बोगदा खणला, त्याला बीबीसी-२ चं पाठबळ होतं आणि ते थेट दाखवलंही गेलं. राजा नाही, सोनं नाही, थडगंसुद्धा नाही. प्रेक्षकांचा विरस झाला.

पण मिळालं काय, तर टेकडीच्या गाभ्यात दडपलेलं गवत आणि शेवाळ, रंगासकट ओळखू येईल असं, आणि त्यात पंख फुटलेल्या मुंग्या. मुंग्यांना पंख उन्हाळ्याच्या शेवटी फुटतात. म्हणजे कामाला सुरुवात कुठल्या ऋतूत झाली, हे मुंगीने सांगितलं! माझ्यासाठी ते सोन्याच्या राजापेक्षा मोठं आहे.

मात्र दुसरी बाजूही आहे. १७७६ साली माथ्यापासून खणलेली विहीर नीट भरली गेली नव्हती, तिच्यापायी २००० मध्ये वर मोठा खड्डा पडला. मग २००७-०८ मध्ये आतले जुने बोगदे, ॲटकिन्सन यांचासुद्धा, खडूची माती भरून बंद करावे लागले. प्रश्न ताईंनाच विचारतो: कॅमेऱ्यासाठी खणावं का?

खापरवेडी

टेम्सकाठचे दादा, या प्रश्नाने माझी एक जुनी जखम उघडली. सांगून टाकते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका उत्खननावर, नाव घेत नाही, सारवलेली जमीन उघडी झाली होती. सारवणाच्या हाताच्या फेऱ्या दिसत होत्या, अर्धवर्तुळं, आपल्या आया-आज्या काढतात तशीच. संध्याकाळ झाली होती, ऊन गेलं होतं. तिथले लोक नोंद करून, झाकून ठेवणार होते. मी गळ घातली: सकाळच्या उन्हात मिळू दे, आज नुसतं ताडपत्रीने झाका. माझ्या आग्रहाखातर ते तयार झाले. रात्री अवकाळी पाऊस आला. खड्ड्याची एक भिंत ढासळली, सगळं पाणी त्या जमिनीवर साचलं. सकाळी तिथे चिखल होता. मोजमाप आणि काही फोटो आधी झाले होते म्हणून अगदीच सगळं गेलं नाही. पण त्या फेऱ्या गेल्या. त्या बाईने तीन हजार वर्षांपूर्वी फिरवलेला हात माझ्या एका शॉटसाठी पुसला गेला.

तेव्हापासून माझा नियम आहे. उत्खनन आपल्या गतीने चालेल, कॅमेरा मागे मागे जाईल. नाही मिळालं तर नाही मिळालं. एका वाहिनीने माझ्या भागातून जळक्या धान्याची सात मिनिटं कापून तिथे ‘गूढ’ संगीतावर कवटी फिरवली, तेव्हाही मी खूप भांडले होते, हरले. ते धान्य मला आजही दाखवायचंय. चुलीत सांडून करपलं म्हणून टिकलेले जवाचे दाणे, नखाएवढेही नाहीत. कुणाचं तरी त्या दिवशीचं जेवण करपलं होतं, म्हणून आपल्याला त्यांचं पीक कळलं.

अळवाचं पान

ताई, सारवणाच्या फेऱ्या... माझी आई अजून गावी ओटा सारवते. तिला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘फेऱ्या उजवीकडून डावीकडे होत्या का?’

खापरवेडी

आईंना सांगा, हो. उजवीकडून डावीकडे.

भीमेचा गडी

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, भीमेकाठी. जुनं गावठाण म्हणजे पांढरीचं टेकाड, नदीच्या बाजूने तुटलंय. पिढ्यान् पिढ्या लोक पांढरीची माती गाडीने शेतात नेतात, खतासारखी असते म्हणून. माझ्या वडिलांनीही नेलीय. धागा वाचून काल तुटलेल्या कडेला गेलो. खाली एक खापर पडलेलं होतं, नारिंगी-लाल, वर काळ्या रेघा, आणि एका बाजूला नळीसारखी तोटी. बोटाने टिचकी मारली तर खणकन वाजलं. ते कसलं असेल? मी उचलून घरी आणलंय. कडेला अजून काठ दिसतायत, खणून बघू का?

खापरवेडी

खणू नका. भाऊ, हात जोडून सांगते, अजिबात खणू नका.

तुम्ही सांगताय ते वर्णन, नारिंगी-लाल, काळ्या रेघा, तोटी आणि खणखणीत आवाज, जोर्वे पद्धतीच्या भांड्यांना लागू पडतं. इनामगावचे ते दोन कुंभ ज्या काळातले, त्या काळातली ही भांडी. पण खापर हातात घेऊन पाहिल्याशिवाय नक्की कुणी सांगू शकत नाही.

आता एवढं करा. खापर जिथे पडलं होतं ती जागा विसरायच्या आत कागदावर काढा: नदीपासून किती पावलं, कडेच्या माथ्यापासून किती खाली. कडेचा समोरून फोटो घ्या, शेजारी एखादी काठी उभी धरून, म्हणजे उंची कळेल. राखेचा पट्टा, लाल भाजलेल्या मातीचा पट्टा असं काही दिसतं का तेही बघा, हात न लावता. मग राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. सोलापूरच्या विद्यापीठात पुरातत्त्व शिकवतात, तिथल्या शिक्षकांना दाखवा. नाणी किंवा धातूचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आणि वडिलांनी माती नेली याचं वाईट वाटून घेऊ नका, सगळ्या महाराष्ट्राने नेलीय. फक्त आता त्या कडेची नेऊ देऊ नका.

प्रवराकाठ

भीमेचा गडी, आजोबांचं वाक्य तुमच्यासाठी: एकदम खाली जाऊ नको.

भीमेचा गडी

ताई, सकाळी परत गेलो. वडीलही आले. कासऱ्याने मोजलं. खापर पडलं होतं तिथून माथा सव्वातीन हात वर. त्याच्या थोडं वर राखाडी पट्टा आहे, चार बोटं जाडीचा, आणि त्याखाली पिवळट घट्ट जमीन लांबवर गेलेली दिसते. फोटो काढले. वडिलांनी ज्यांच्या गाड्या या आठवड्यात माती न्यायला येणार होत्या त्या दोघांना फोन करून थांबवलं, म्हणाले आठ दिवस दम धरा, माणसं येऊन बघून जाऊ देत.

खापर धुतलं नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलंय. तोटीच्या आतल्या बाजूला माती दाबून बसवल्याची बोटाची खूण आहे. आईचं बोट त्यात बरोबर बसतं, माझं मोठं होतंय.